'इक्विटेबल ओनरशिप' पोर्तुगीज माणसाला कशी सांगावी?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका घराच्या कागदात 'इक्विटेबल ओनरशिप' आलं आहे आणि लिस्बनच्या नातेवाइकाला ते कळवायचं आहे. 'प्रोप्रिएदाद एक्वितातिव्हा' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते लिहू नये. वाचणाऱ्याला ती सारख्या वाटणीची मालकी वाटेल. शिवाय 'एक्विदाद' म्हणजे तिकडे न्यायाधीशाने एखाद्या खटल्यापुरती वापरायची न्यायबुद्धी. तीसुद्धा १९६६च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे कायदा किंवा पक्षकार मुभा देतील तेव्हाच. इंग्लंडची इक्विटी वेगळी. चान्सरी या जुन्या इंग्लिश कोर्टात शतकानुशतकं घडत गेलेले ते पक्के नियम आहेत. १८७३-७५च्या कायद्यांनी चान्सरी आणि बाकीची कोर्टं एक झाली, तरी मालकीचे दोन पदर, नावावरची कायदेशीर आणि इक्विटेबल, राहिलेच.

समजा, स्विंडनला राहणाऱ्या दोन गोंयकार भावांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घर घेतलं, पण नोंद एकट्या थोरल्याच्या नावावर झाली. धाकट्याचे पैसे भेटही नव्हते, उसनेही नव्हते. मग इंग्लिश कोर्ट सहसा म्हणेल, की नावावरचा मालक थोरला, पण घर तो दोघांसाठी सांभाळतो (यालाच ट्रस्ट म्हणतात, आणि ज्यांच्यासाठी सांभाळलं ते लाभार्थी). धाकट्याचा तो निम्मा हक्क म्हणजे इक्विटेबल मालकी. मराठीत मी तिला 'समन्यायी मालकी' म्हणेन.

पोर्तुगीज कायद्यात मालकी अशी दुपदरी नसते, त्यामुळे नेमका प्रतिशब्द मिळणार नाही. गोव्यात अजूनही १८६७च्या पोर्तुगीज संहितेचा वारसा चालतो, म्हणून तिथल्या कुणाला 'उझुफ्रुतु' सुचेल. तेही चुकीचंच. उझुफ्रुतुवाला दुसऱ्याच्या मालमत्तेचा उपभोग घेतो, फार तर हयातभर. इंग्लंडमध्ये मात्र ट्रस्टची सगळी मालमत्ता ज्या एकट्या सज्ञान लाभार्थ्याची आहे, तो ट्रस्ट मोडून ती ताब्यात मागू शकतो. १८४१चा सॉन्डर्स विरुद्ध वॉटियर हा निकाल त्यासाठीच प्रसिद्ध आहे. याची दुसरी बाजूही पत्रात यायलाच हवी: आधीच्या हक्काची कल्पना नसताना, प्रामाणिकपणे मोल देऊन कायदेशीर मालकी घेणाऱ्यापुढे समन्यायी हक्क टिकत नाही, हा जुना नियम. नोंदणीकृत जमिनीला आज नोंदणी कायद्याचे नियम लागतात, तेवढं वकिलाकडून पाहून घ्या.

पत्रात मूळ इंग्रजी संज्ञा तशीच ठेवून पुढे 'तितुलारिदाद बेनेफिसिआरिया' (लाभार्थ्याची मालकी) लिहा, आणि लगेच एक वाक्य जोडा: इंग्लिश कायद्यानुसार घर थोरल्याच्या नावावर आहे, त्यातला निम्मा हक्क धाकट्याचा आहे.