स्टिअरिंगचा आवाज आणि दहा लाखांचा विमा

प्रश्न : माझ्या 11 वर्षं जुन्या गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घुर्रर्र आवाज येतो, सकाळी जास्त. सर्व्हिस सेंटरने रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बदलायला सांगितलाय, खर्च 42,000. तेवढे हातात नाहीत. त्यापेक्षा नवी गाडी घ्यावी म्हणतो. चार वर्षं भरलेल्या दोन विमा पॉलिसी मोडल्या तर 2 लाख मिळतील, ते डाऊन पेमेंटला. वरचे 9 लाख कर्ज, 7 वर्षांसाठी. पगार हातात 62,000, घरखर्च 45,000. पॉलिसींचा हप्ता वर्षाला 96,000, पुढचा पुढच्या महिन्यात आहे. विमा 10 लाखांचा, 20 वर्षांनी 30 लाख मिळतील असं एजंट म्हणाला होता. पुढच्या वर्षी पगार 20 टक्के वाढेल. पत्नी घर सांभाळते, मुलं 9 आणि 5 वर्षांची. पॉलिसी मोडू का?

उत्तर : पॉलिसी मोडा. पण गाडीसाठी नाही.

आधी गाडीचं बघू. साडेनऊ टक्क्यांनी 9 लाखांचा हप्ता महिन्याला 14,700 च्या आसपास येतो आणि सात वर्षांत व्याज सव्वातीन लाखांच्या वर जातं. खर्च आणि विम्याचा हप्ता वजा जाता तुमच्याकडे महिन्याला 9,000 उरतात. वाढीव पगार हातात पडलेला नाही, तो हिशोबात धरू नका. 42,000 म्हणजे नव्या गाडीचे तीन हप्तेसुद्धा नाहीत.

आणि रॅकच गेलाय हे ठरवलं कोणी? थंड गाडीत, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर घुरघुर होत असेल तर पहिला संशय पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलवर घ्यायचा. बॉनेट उघडून त्या छोट्या डब्याची पातळी बघा. ऑइल खुणेच्या खाली असेल किंवा त्यात फेस दिसत असेल, तर पंप हवा ओढतोय. मग ऑइल गेलं कुठे ते शोधायचं : होज, पंप, रॅकचं सील. गळती रॅकमधूनच निघाली तर रॅकचा खर्च करा, पण गळती डोळ्यांनी बघून. दुसऱ्या चांगल्या मेकॅनिककडे गाडी जॅकवर घेऊन टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे चाकांकडचे सांधेही तपासून घ्या. स्टिअरिंग अचानक जड झालं किंवा त्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर मात्र गाडी अजिबात चालवू नका. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, तुमची अजून चार वर्षं शिल्लक आहेत.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत त्याकडे येतो, कारण पत्र वाचताना मी तिथेच अडकलो. उद्या तुम्ही नसलात तर 10 लाखांत, 45,000 रुपये महिन्याच्या हिशोबाने, तुमचं घर 22 महिने चालेल. धाकटं मूल तेव्हा दुसरीत असेल.

हा 10 लाखांचा आकडा तुमच्या कुटुंबाकडे बघून आलेलाच नाही. मुदतीनंतरची रक्कम करमुक्त राहायला विमा हप्त्याच्या किमान दहापट लागतो, तेवढाच तुमच्या माथी मारलाय. कमावणारा एकटा, दोन लहान मुलं, आणि त्याला असली पॉलिसी विकायची, याचा मला मनापासून राग येतो. परतावा तरी काय? 19 लाख भरून 20 वर्षांनी 30 लाख, म्हणजे जेमतेम 4 टक्के. तेही बोनस ठरल्याप्रमाणे मिळाला तर.

भरलेल्या 3,84,000 मधले 1,84,000 बुडतील, हे खरं. एजंट नेमकं तेच सांगून तुम्हाला थांबवेल. पण ते पैसे आजच गेलेले आहेत. इथून पुढे हप्ते भरत राहिलात तरी साडेपाच टक्क्यांच्या आसपासच पडतात. हेच 2 लाख आणि दरवर्षीचे 96,000 सात टक्क्यांनी ठेवले तर 16 वर्षांनी 34 लाखांच्या वर जातात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी 1 कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, वयाच्या साठीपर्यंतचा. प्रकृती ठीक असेल तर वर्षाला साधारण 15-20 हजारांत बसतो. अर्जात बीपी, शुगर, सिगारेट, काहीही लपवू नका. क्लेमच्या वेळी ते बायकोला भोगावं लागतं. नवी पॉलिसी हातात आली की मगच जुन्या मोडा. सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर मिळणारी, नक्की रक्कम कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

ते 2 लाख बँकेत एफडीत वेगळे ठेवा. चार महिन्यांचा घरखर्च आहे तो, आणि गाडीचं काम निघालं तर त्यातूनच करायचं. 42,000 साठी तुम्ही 9 लाखांच्या कर्जाला तयार झालात, कारण असा पैसा घरात कधी बाजूला काढलाच नव्हता. हप्त्याचे महिना 8,000 सुटतील, त्यातले दीड हजार टर्मला जातील. उरलेल्यात थोडी भर घालून महिन्याला 10,000 टाकलेत, तर चार वर्षांत पाच लाखांच्या वर जमतात. नव्या गाडीचं तेव्हा बोलू.

पुढच्या महिन्याच्या हप्त्याला वार्षिक पॉलिसीत 30 दिवसांची सवलतीची मुदत असते. टर्मचा अर्ज आणि मेडिकल तेवढ्यात उरकतं, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा.