चैत्रात महादरे तळ्यावर काय बघायचं

होळी झाली, ऊन चढलं. आता साताऱ्याजवळच्या महादरे तळ्यावर दुर्बीण घेऊन जाण्यात अर्थ आहे का, की पाहुणे पक्षी गेले, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. मला तर जानेवारीपेक्षा हेच दिवस मोलाचे वाटतात.

पाण्याकडे फार वेळ बघत बसू नका. सकाळी साडेसहा-सातला काठच्या झाडीत उभे राहा आणि कान द्या. खालच्या झुडपातून दोन गारगोट्या आपटल्यासारखं ‘चक्, चक्’ आलं, तर तो ब्लिथ्स रीड वॉर्बलर, हिवाळ्याला येणारा छोटा तपकिरी पक्षी. हिवाळाभर बहुतेक एवढंच बोलतो. पण परतीच्या आधी नर गाऊ लागतो: एकच तुकडा चार-पाचदा घोळवतो आणि मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. हे गाणं आपल्याकडे ऐकायला मिळतं ते याच दिवसांत. तांबुला, म्हणजे रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर हा चिमुकला पाहुणा, शेपटीवरून ओळखा. ती वर झटकली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा डाग दिसतो. नारंगी गळा फक्त नराला, डाग मात्र दोघांनाही.

काठावर करडा धोबी असेल, तर त्याचा गळा नीट बघा. मार्चअखेरीस नराचा गळा काळा होऊ लागतो. कवड्या धोबी मात्र बारमाही इथलाच, त्याला पाहुण्यांत धरू नका.

भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) मोठे थवे हवे असतील तर खटावकडे, मायणी-येरळवाडीच्या बाजूला जा. पण लवकर. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक भोरड्या मध्य आशियाकडे निघालेल्या असतात.

एक कळकळीची विनंती. पहिला पक्षी कधी आला हे सगळे लिहितात, शेवटचा कधी दिसला हे फार थोडे. कारण तो शेवटचा होता हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून प्रत्येक फेरीची पूर्ण यादी ठेवा आणि ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाका. तांबुला दिसला नाही त्या सकाळचीसुद्धा टाका. तो गेल्याचं त्या यादीवरूनच कळतं.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी ते आता अंगात चरबी साठवतायत, त्यांचं खाणं मोडू नये.

आणि एप्रिल संपला म्हणून थांबू नका. पावसाच्या तोंडावर नवरंग (इंडियन पिट्टा) हा रंगीबेरंगी पक्षी येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू आली, तर ती तारीखही लिहा.