छायाचित्रांची छपाई आणि जपणूक

प्रश्न : सिंहगड परिसरात काढलेली माझी छायाचित्रे संगणकात पडून आहेत. निवडक छापून घरात लावावीत असे वाटते. परंतु पूर्वी लावलेले एक चित्र पावसाळ्यात काचेला चिकटले. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपले चित्र बहुधा थेट काचेला टेकवून चौकटीत बसवले असावे. दमट हवेत छायाचित्राच्या कागदावरील थर मऊ होऊन काचेला धरतो. म्हणून चित्र व काच यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याचे माउंट (मधोमध खिडकी कापलेली, चित्राभोवतीची पट्टी) घालण्याचा आग्रह फ्रेमवाल्याकडे धरावा, आणि ओल येणारी भिंत तसेच थेट उन्हाची जागा टाळावी. चिकटलेले चित्र ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करून घ्यावे.

छपाईसाठी दर इंचास ३०० पिक्सेल धरल्यास ८ × १२ इंचांच्या चित्राला २४०० × ३६०० पिक्सेल लागतात आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत सहसा तेवढी नसते, तेव्हा छापणाऱ्यास मूळ फाइलच द्यावी. पिगमेंट शाई (रंगाचे सूक्ष्म कण असलेली) सामान्यतः डाय शाईपेक्षा (द्रवात विरघळलेल्या रंगाची) अधिक टिकते. कागद मॅट घ्यावा, हे माझे मत. चकचकीत कागदावर चित्रापेक्षा ट्यूबलाइटच अधिक दिसते.

मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर ठेवाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर, शक्यतो वेगळ्या भागात राहणाऱ्या नातलगांकडे असावी. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरांचे अल्बम भिंतींवरील तसबिरींसह गेले, कारण दुसरी प्रत कोठेच नव्हती.