आईचा स्तनाचा कॅन्सर हाडात पसरलाय. झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांचं औषध दिल्यावर तिला ताप आला. याचा अर्थ गामा-डेल्टा टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या खास पेशी, कॅन्सरशी लढतायत का? नाशिकमध्ये कोणी त्या पेशींचं ‘पॅकेज’ सुचवतंय, घ्यावं का?

ताप बहुतेक याच पेशींमुळे आला, पण त्यावरून गाठ मरतेय असं धरू नका.

हे औषध पेशीतली कोलेस्टेरॉल बनवणारी साखळी मध्येच अडवतं. मग अडवलेल्या पायरीच्या आधीचा पदार्थ, आयपीपी, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये साचतो. गामा-डेल्टा टी पेशींना नेमका तोच साठा कळतो. त्या सायटोकाइन (दाह वाढवणारी रसायनं) सोडतात, अंग मोडून येतं, ताप चढतो. पॅरासिटामॉलवर दोन-तीन दिवसांत उतरतो, पुढच्या डोसला सहसा एवढा येत नाही. मात्र आईंची केमोही चालू असेल तर ताप इंजेक्शनचाच म्हणून घरी थांबू नका. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा आणि सीबीसी करा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली असतील तर अँटिबायोटिकला तासाचाही उशीर परवडत नाही.

आता पॅकेज. नेहमीच्या टी पेशींना एचएलएच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळख-प्रथिनाच्या, ताटात वाढलेला प्रथिनाचा तुकडा लागतो आणि कॅन्सर बरेचदा ते ताटच लपवतो. गामा-डेल्टांना ताट लागत नाही. म्हणून निरोगी दात्याच्या पेशी वाढवून दिल्या तरी त्या पेशंटवर उलटण्याची भीती कमी. एनकेटी आणि मेट या त्यांच्या चुलत भावंडांवरही याच कारणाने काम चालू आहे.

अडतं कुठे? रक्तातल्या टी पेशींत या जेमतेम १ ते ५ टक्के. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि आयएल-२ (टी पेशी वाढवणारं सायटोकाइन) घालून साधारण २ आठवडे वाढवतात. बरीच केमो झालेल्या पेशंटच्या कधी कधी वाढतच नाहीत. दिल्या तरी फार टिकत नाहीत, घट्ट गाठीत पुरेशा शिरत नाहीत, पुन्हा पुन्हा डिवचल्या की थकतात. त्यातला आयएल-१७ हे सायटोकाइन सोडणारा गट तर उलट गाठीलाच खतपाणी घालतो! २०२३मध्ये मंजूर झालेली आपली कार-टी (जनुक बदलून कॅन्सरवर सोडलेल्या टी पेशी), नेक्सकार१९, साध्या टी पेशींची आहे आणि बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, हाडात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी नाही.

पॅकेजवाल्यांकडे सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा आणि साइटवर स्वतः पडताळा. खऱ्या चाचणीत पेशींचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. दुसरं मत हवं असेल तर फाइल, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्कॅनची सीडी घेऊन पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाऊन या. ब्लॉक इथेच राहिले तर फेरी फुकट.

आणि तापाला घाबरून झोलेड्रॉनिक बंद करू नका, ते हाडांसाठी आहे. ४ मिग्रॅ डोस १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात चढवू देऊ नका, प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला या औषधाबद्दल आधी सांगा, नाहीतर जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही.