सतत म्हणजे सलग की सारखं?

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये मी लिहिलं की 'कंटिन्युअस' फोन येत होते म्हणून रिपोर्ट लेट झाला, तर मॅडमनी ते खोडून 'कंटिन्युअल' केलं. डिक्शनरीत दोन्हींचा अर्थ 'सतत' असाच दिलाय, मग फरक काय? - एक वाचक, भांडुप

उत्तर: मॅडमचं बरोबर आहे, पण तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे, कारण घोळ आपल्या 'सतत'मध्येच आहे, तो शब्द दोन्हीकडे चालतो. म्हणून 'सतत' बाजूला ठेवा आणि 'सलग' नि 'सारखं' हे दोन घ्या. कंटिन्युअस म्हणजे सलग, मध्ये खंडच नाही. कंटिन्युअल म्हणजे सारखं सारखं, थांबतं नि परत सुरू होतं. मेल पाठवायच्या आधी वाक्यात 'सलग' घालून बघा, 'सलग फोन येत होते' कानाला खटकतं ना, मग तिथे कंटिन्युअल.

पावसाचं बघा. २६ जुलै २००५ ला दुपारी जो धरला तो सुटेचना, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, ती संततधार म्हणजे कंटिन्युअस. आणि एरवीचा जुलै, छत्री मिटून लोकलमध्ये चढावं तर उघडीप आणि दादरला उतरावं तर परत सर, असं दिवसभर, तो कंटिन्युअल.

अजून एक, आणि इथे खरंच जपा. भिंत, रेघ, रस्ता अशा लांबीच्या गोष्टींना कंटिन्युअल चालतच नाही. रेल्वेवाल्यांचा शब्दच आहे 'कंटिन्युअस वेल्डेड रेल'. पूर्वी १३-१३ मीटरचे रूळ फिशप्लेट लावून जोडायचे, चाक सांध्यावरून गेलं की खटखट व्हायची, आता वेल्डिंग करून रूळ सलग करतात म्हणून ती खटखट खूप कमी झालीय.

बोलताना इंग्रज लोकसुद्धा फोनला सर्रास कंटिन्युअस म्हणतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण लेखी मजकुरात अर्थच फिरतो. एका सोसायटीच्या नोटिशीत मी 'कंटिन्युअल वॉटर सप्लाय' वाचलंय, लिहिणाऱ्याला सांगायचं होतं चोवीस तास पाणी, आणि कागदावर झालं येऊन-जाऊन पाणी.