वाचक विचारतात : गाडीच्या पोटाखालचा गंज

प्रश्न : जुन्या मिनीबसची आम्ही मोटरहोम, म्हणजे चाकावरचं घर केली. गाडी देवगडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, तांबूस खपल्या सुटल्यात. गॅरेजवाला म्हणतो, काळं कोटिंग मारून टाकू. मारू का?

उत्तर : घाई करू नका. खपल्यांवर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज निवांत पत्रा खात बसतो. ही चूक मी स्वतः केलीय. गिऱ्हाईक खूश, गाडी काळी कुळकुळीत. दोन पावसाळ्यांनंतर जॅक लावला तर तो चासीतच घुसला!

खारा वारा म्हणजे नुसता वारा नव्हे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलसर राहतं.

आधी गोड्या पाण्याने खालून धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत आणि टोकाने टोचत जा. ठणठण आवाज आला तर ठीक. भदभद आला किंवा टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंगच. बाकी ठिकाणी तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), झिंक प्रायमर, आणि कोटिंग सगळ्यात शेवटी. सायलेन्सरला मात्र ते लावू नका. चासीच्या पोकळ भागात मेण फवारून घ्या, पाणी निचरायची भोकं बुजवू नका.

आणि हो, सिंकच्या सांडपाण्याचा पाइप बघा. बऱ्याचदा तोच क्रॉस-मेंबरवर (चासीच्या आडव्या दांडीवर) ठिबकत असतो, आणि शिव्या समुद्राला बसतात.