अठ्ठावीस कोअरच्या मागे लागू नका

प्रश्न: मी वाळूज एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत आहे. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र तपासून सदोष पार्ट बाजूला काढणारं कार्ड आम्ही बनवतो. त्यावर किंटेक्स-७ १६०टी हा एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं रचता येणारी चिप) आहे. विवाडो या त्याच्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये सिंथेसिसपासून (कोडचं सर्किट करण्यापासून) बिटस्ट्रीमपर्यंत (चिपमध्ये भरायच्या फाईलपर्यंत) पावणेदोन तास जातात. पीसी जुना, चार कोअरचा, विंडोजवाला. मालक दीड लाखापर्यंत द्यायला तयार आहेत. डीलर म्हणतो, दोन झिऑनचा सेकंडहँड सर्व्हर घ्या, २८ कोअर मिळतील आणि पैसेही निम्मेच लागतील. घ्यावा का, सर?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नका घेऊ. डीलर खोटं बोलत नाही, पण तो ज्या कामाचा विचार करतोय ते तुमचं काम नाही.

या भावात दोन प्रोसेसर मिळून २८ कोअर म्हणजे बहुतेक करून ई५-२६८० व्ही४ची जोडी. २०१६चा माल. बेस क्लॉक २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो फार तर ३.३. दहा-वीस व्हर्च्युअल मशीन चालवायला आजही चालेल. प्लेसमेंट (सर्किटचे तुकडे चिपवर ठेवणं) आणि राउटिंग (ते एकमेकांना जोडणं) यांचं गणित वेगळं आहे. एक सेल, म्हणजे असा एक तुकडा, हलवला की त्याला जोडलेल्या सगळ्या नेटचं (जोडण्यांचं) टायमिंग, म्हणजे सिग्नल पोचायचा वेळ, बदलतं, आणि पुढचा सेल कुठे ठेवायचा हे त्यावर ठरतं. त्यामुळे काम थोडंफार वाटून घेता येतं, पण बराच भाग एकामागून एकच करावा लागतो. तिथे उरलेले कोअर नुसते बसून राहतात आणि एका कोअरचा वेग किती, यावर तुमचा दिवस ठरतो.

हे माझ्या शब्दावर सोडू नका, तुमच्याच लॉगमध्ये बघा. कालच्या रनची फाईल उघडा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक ओळ येते: आधी सीपीयूचा वेळ, मग इलॅप्स्ड म्हणजे घड्याळाचा वेळ, आणि पुढे मेमरीचा पीक. सीपीयूच्या वेळेला घड्याळाच्या वेळेने भागा. सीपीयू ३० मिनिटं आणि घड्याळ २० मिनिटं असेल, तर सरासरी दीडच कोअर राबले. राउटिंग, प्लेसमेंट, सिंथेसिस, तिन्हींचे आकडे कागदावर मांडा आणि तो कागद मालकांपुढे ठेवा. २८चं भूत तिथेच उतरेल.

त्याच लॉगमध्ये प्लेसमेंट सुरू होताना मल्टीथ्रेडिंगसाठी (काम एकाच वेळी अनेक कोअरवर वाटण्यासाठी) जास्तीत जास्त किती सीपीयू वापरणार, हेही लिहिलेलं असतं. विंडोजवर विवाडो मुळात दोनच थ्रेड घेतो, लिनक्सवर आठ. टिकल कन्सोलमध्ये (विवाडोच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) जनरल डॉट मॅक्सथ्रेड्स हा पॅरामीटर तुमच्या चार कोअरइतका करा आणि रन पुन्हा टाका. अँटीव्हायरसला प्रोजेक्टचं फोल्डर वगळायला सांगा. याला एक रुपया लागत नाही. खरेदीच्या आधी एवढं करून बघाच, कारण नव्या मशीनची तुलना या सुधारलेल्या वेळेशी व्हायला हवी.

आता प्रोसेसर. तुमच्या कामाला मी रायझन ७ ९८००एक्स३डी घेईन. आठ कोअर, ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, आणि मुख्य म्हणजे ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी). नेटलिस्ट (सेल आणि नेट यांची यादी) ही मेमरीभर विखुरलेली जाळी असते. टूल एका सेलवरून त्याच्या नेटवर, तिथून दुसऱ्या सेलवर अशा उड्या मारत फिरतं. हवा तो तुकडा कॅशमध्ये नसला की प्रोसेसर रॅमकडे बघत थांबतो, मग क्लॉक कितीही असो. म्हणून नुसत्या गिगाहर्ट्झवर जाऊ नका. हा प्रोसेसर गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून विकला जातो, डीलर नाक मुरडेल. मुरडू द्या.

सोळा कोअर कधी घ्यावेत? टायमिंग जुळत नाही म्हणून एकच डिझाईन वेगवेगळ्या स्ट्रॅटेजी लावून एकाच वेळी चार-पाच रनमध्ये टाकत असाल तर. तिथे प्रत्येक रन स्वतंत्र असतो, जास्त कोअर खरोखर कामाला येतात. तेव्हा ९९५०एक्स३डी बघा. मात्र त्यातली मोठी कॅश सोळापैकी आठच कोअरच्या वाट्याला येते, हे ध्यानात असू द्या.

रॅम लॉगमधल्या पीक आकड्यावरून ठरवा. एका रनला सहा जीबी लागत असतील तर चार रनना चोवीस, वर विंडोज आणि ब्राउझर. ६४ जीबी घ्या, पण ३२च्या दोनच पट्ट्या. चारही स्लॉट भरले की या प्लॅटफॉर्मवर डीडीआर५चा वेग बराच खाली येतो. ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नका. विवाडो इम्प्लिमेंटेशनसाठी (प्लेसमेंट-राउटिंगसाठी) ते वापरत नाही, आणि स्क्रीनपुरतं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे.

वाचलेले पैसे मोठ्या एअर कूलरवर आणि यूपीएसवर लावा, यात काटकसर करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, शेडचा पत्रा तापतो. लहान कूलर तासभराच्या रनमध्ये दमतो आणि प्रोसेसर गुपचूप क्लॉक खाली आणतो. वीज गेलीच, तर प्लेसमेंटनंतरची चेकपॉइंट फाईल (तोवरचं काम साठवलेली) रनच्या फोल्डरमध्ये शोधा. ती उघडून थेट राउटिंग चालवता येतं, सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही.

आणि रोजच्या लहान बदलांसाठी इन्क्रिमेंटल इम्प्लिमेंटेशन सुरू करा. मागच्या चांगल्या रनची चेकपॉइंट आधाराला दिली की न बदललेल्या भागाचं प्लेसमेंट आणि राउटिंग बहुतांशी तसंच उचललं जातं. तुमच्या कार्डात कॅमेऱ्याचा इंटरफेस महिनोन् महिने तोच राहत असणार, बदलतो तो तपासणीचा भाग. तेव्हा याचा फायदा तुम्हाला नक्की होईल.

प्रश्न: मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बेसिस ३ या एफपीजीए बोर्डवर प्रोजेक्ट आहे, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. घरी नवीन लॅपटॉप मागू का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: नको, बाळा. त्या बोर्डवर आर्टिक्स-७ ३५टी आहे, लहान चिप. स्लॉट असेल तर रॅम १६ जीबी कर आणि प्रोजेक्ट एसएसडीवर ठेव. दर वेळी बिटस्ट्रीम काढून बोर्डवर बघायची सवय असेल तर ती मोड. आधी टेस्टबेंच (डिझाईनला नकली इनपुट देणारा कोड) लिही, सिम्युलेशनमध्ये वेव्हफॉर्म (सिग्नलचा आलेख) तपास, मगच बोर्डाकडे जा. अडलंच तर कोड आणि वेव्हफॉर्मचा फोटो पाठव, पुढच्या अंकात बघू.